एएस/४०० वरची माहिती एक्सेलला देताना

प्रश्न : चाकणला आमचा वाहनांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. साठा, खरेदी, पाठवणी आणि हिशेब ही सगळी कामे गेली अनेक वर्षे एएस/४०० या आयबीएमच्या संगणकावर चालतात. ती यंत्रणा सांभाळणारे ज्येष्ठ सहकारी गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि जबाबदारी माझ्याकडे आली. माझा आजवरचा अनुभव विंडोज आणि एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचा आहे. आता वित्त विभागाला आणि संचालकांना एक्सेल व पॉवर बीआयमध्ये थेट आकडे हवे आहेत. एका सल्लागाराने सांगितले की प्रत्येकाच्या पीसीवर ओडीबीसी ड्रायव्हर (एक्सेलसारख्या प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारे सॉफ्टवेअर) टाका आणि ज्याला त्याला आपापला एएस/४०० चा लॉगिन वापरू द्या, दहा मिनिटांचे काम आहे. प्रयोग म्हणून दोघांना तसे करून दिले, तर महिनाअखेरीस डिस्पॅचच्या स्क्रीन रेंगाळू लागल्या. एक्सेलच्या काही रकान्यांत अगम्य अक्षरेही येतात. नेटवर्क पाहणारे सहकारी कोणते पोर्ट उघडायचे, असे विचारत आहेत. होकार द्यावा की नाही?
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : होकार द्यावा, पण सल्लागाराने सांगितलेल्या पद्धतीने देऊ नये. ड्रायव्हर टाकणे हे दहा मिनिटांचे काम आहे, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मात्र त्याआधी ज्या प्रश्नाचे उत्तर हाताशी असायला हवे, तो त्यांनी विचारलेलाच दिसत नाही : आज तुमच्याकडचा प्रत्येक लॉगिन कोणती फाइल वाचू शकतो आणि कोणती बदलू शकतो? हे उत्तर कागदावर येईपर्यंत तिसऱ्या पीसीवर ड्रायव्हर टाकू नका, आणि ज्या दोघांना प्रयोग म्हणून दिला आहे त्यांचा वापरही तोवर थांबवा.

तुम्ही एसक्यूएल सर्व्हरकडून आलेले असल्यामुळे या यंत्राची एक मूलभूत गोष्ट आधी सांगणे आवश्यक आहे. आयबीएमने एएस/४०० जून १९८८ मध्ये जाहीर केले. मिनेसोटातील रॉचेस्टर येथे त्याची जडणघडण झाली आणि आधीच्या सिस्टिम/३८ ची मूळ रचना त्यात उतरली. या रचनेत डेटाबेस हा नंतर बसवायचा वेगळा सॉफ्टवेअर नसून ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग आहे. त्यामुळे एसक्यूएल सर्व्हरमध्ये असतात तसे डेटाबेसचे वेगळे लॉगिन आणि वेगळे रोल येथे नाहीत. डिस्पॅचचा कारकून ज्या यूजर प्रोफाइलने हिरव्या स्क्रीनवर, म्हणजे यंत्राच्या अक्षरी टर्मिनलवर, साइन-ऑन करतो, तेच प्रोफाइल ओडीबीसीच्या जोडणीलाही चालते, आणि त्या प्रोफाइलला एखाद्या फाइलवर जो अधिकार असेल तोच दोन्हीकडे लागू होतो. (माहिती शोधताना नावांचा गोंधळ होईल म्हणून सांगतो : हेच कुटुंब २००० पासून आयसिरीज, २००६ पासून सिस्टिम आय आणि २००८ पासून पॉवर यंत्रांवरील ‘आयबीएम आय’ या नावाने ओळखले जाते, आणि त्यातील डेटाबेसचे नाव ‘डीबी२ फॉर आय’ असे आहे. कारखान्यात सगळे ‘एएस/४००’ म्हणत असले तरी शोध मात्र नव्या नावांनी घ्यावा.)

खरी अडचण यानंतर सुरू होते. ट्विनॅक्स केबलने जोडलेले ५२५० टर्मिनल हाच यंत्रापर्यंत पोहोचण्याचा मार्ग होता, त्या काळात असंख्य कंपन्यांनी सुरक्षेची सगळी व्यवस्था मेनूमध्ये केली. कारकुनाने साइन-ऑन केले की थेट डिस्पॅचचा मेनू यावा, त्यातून बाहेर पडले की साइन-ऑफ व्हावे, आणि प्रोफाइलमध्ये ‘लिमिट कॅपॅबिलिटीज’ लावून कमांड देण्याची मुभा काढून घ्यावी, अशी ती पद्धत होती. जोवर स्क्रीन हाच एकमेव रस्ता होता तोवर ती पुरेशी ठरली. पण ओडीबीसी स्क्रीनमधून जातच नाही. तो डेटाबेस सर्व्हरशी थेट बोलतो, आणि कमांडवरची ती मर्यादा एसक्यूएलच्या सिलेक्ट (वाचणे) किंवा अपडेट (बदलणे) या विधानांना अडवत नाही. वाड्याच्या दिंडीदरवाजावर चोख पहारा असावा आणि परसदार मात्र सताड उघडे असावे, अशी आज बऱ्याच जुन्या यंत्रणांची स्थिती आहे.

त्यात भर घालणारी गोष्ट म्हणजे नव्या ऑब्जेक्टला (फाइल, प्रोग्राम वगैरेंना) यंत्रावरच्या इतर सगळ्यांसाठी, म्हणजे ‘पब्लिक’साठी, कोणता अधिकार मिळावा हे ठरवणारे सिस्टिम व्हॅल्यू, म्हणजे सगळ्या यंत्राला लागू होणारे सेटिंग. त्याचे नाव क्यूसीआरटीएयूटी आणि कारखान्यातून येणारे त्याचे मूल्य ‘चेंज’. याचा अर्थ असा की तुमच्या आधीच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम बदल केलेला नसेल, तर वर्षानुवर्षे तयार होत गेलेल्या बहुतेक फाइलींवर यंत्रातील कोणत्याही प्रोफाइलला वाचण्याचा, नवे रेकॉर्ड घालण्याचा, जुने बदलण्याचा आणि पुसण्याचा अधिकार आहे. ज्या कारकुनाला मेनूवर दरपत्रक दिसतही नाही, तो एक्सेलमधून सगळे दर वाचू शकेल, आणि तोच ड्रायव्हर वापरणाऱ्या दुसऱ्या एखाद्या साधनातून ते बदलूही शकेल. सल्लागार कदाचित म्हणतील की ओडीबीसीच्या सेटिंगमध्ये ‘फक्त सिलेक्ट’ असा पर्याय आहे, तो निवडा. तो जरूर निवडा. चुकून होणारा बदल त्याने टळतो. पण ते सेटिंग वापरणाऱ्याच्या पीसीवर असते आणि तेथे ते बदलताही येते, म्हणून त्याला सुरक्षा समजू नका. खरा अधिकार यंत्रावरच्या ऑब्जेक्टवर असतो आणि बंदोबस्तही तेथेच करायला हवा.

सुरुवात पाहणीपासून करा. ग्राहक, दर, पुरवठादारांची बँक खाती, पगार असल्यास पगार, आणि खातेवही, अशा निवडक फाइली घ्या आणि प्रत्येकीवर ‘पब्लिक’ला काय अधिकार आहे ते पाहा. क्यूएसवायएस२ या लायब्ररीतील (ऑब्जेक्टच्या संग्रहातील) ऑब्जेक्ट प्रिव्हिलेजेस हा व्ह्यू, म्हणजे निवडक माहिती दाखवणारा आभासी तक्ता, साध्या एसक्यूएलने हे सांगतो, त्यामुळे तुम्हाला हिरव्या स्क्रीनच्या कमांड पाठ असण्याची गरज नाही. त्याच लायब्ररीतील यूजर इन्फो या व्ह्यूवरून ‘ऑलऑब्जेक्ट’ हा विशेष अधिकार कोणाकोणाला दिलेला आहे हेही काढा. हा अधिकार असलेल्याला एकाही फाइलवरचे बंधन लागू होत नाही, आणि जुन्या यंत्रणांमध्ये तो कधी काळी एखाद्या तातडीच्या कामासाठी देऊन तसाच राहून गेलेला आढळतो. शेवटी प्रोफाइलचे नाव आणि पासवर्ड एकच असलेली प्रोफाइले शोधून देणारी यंत्राची स्वतःची कमांड चालवा. तिचे नाव ‘अ‍ॅनालाइझ डिफॉल्ट पासवर्ड्स’ आहे. जो निकाल येईल तो संचालकांना दाखवा. मला वाटते, त्यानंतर ‘दहा मिनिटांचे काम’ हा शब्दप्रयोग त्या बैठकीत पुन्हा ऐकू येणार नाही.

आता दार कसे आवरायचे ते पाहू. यंत्रात ‘फंक्शन यूसेज’ नावाची सोय आहे आणि तीत क्यूआयबीएम_डीबी_झेडडीए हे नाव ओडीबीसी, जेडीबीसी (जावाच्या प्रोग्रामची तशीच जोडणी) आणि त्या वर्गातील इतर जोडण्यांना लागू पडते. त्याचे मूळ मूल्य ‘नकार’ करून फक्त ठरावीक प्रोफाइलना परवानगी देता येते. मात्र ही कळ लगेच दाबू नका. याच सर्व्हरवरून गोदामातला बारकोड वाचक, पुरवठादारांचे पोर्टल किंवा कोणी तरी कधी तरी लिहून ठेवलेला जावाचा प्रोग्राम चालत असण्याची दाट शक्यता आहे, आणि निवृत्त सहकाऱ्यांखेरीज कोणालाही त्याची आठवण नसेल. म्हणून महिनाअखेर धरून एक पूर्ण महिना नुसते पाहत राहा. येथे नवख्याची हमखास दिशाभूल करणारी एक बाब आहे. या जोडण्या सांभाळणाऱ्या जॉबचे (यंत्रावर चालणाऱ्या कामाचे) नाव क्यूझेडडीएएसओइनिट असते आणि यादीत त्या सगळ्यांचा मालक क्यूयूजर असाच दिसतो. प्रत्यक्षात कोण काम करत आहे हे ‘सध्याचा यूजर’ या रकान्यात पाहावे लागते, किंवा जॉबच्या लॉगमध्ये, जेथे कोणत्या पीसीवरून कोणता यूजर जोडला गेला याची नोंद असते. महिनाभराची ही यादी तयार झाली की परवानगी कोणाला द्यायची हे तुम्हाला अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

यादी हाती आल्यावर अहवालांसाठी एक स्वतंत्र लायब्ररी करा आणि तीत फक्त एसक्यूएलचे व्ह्यू ठेवा. वित्त विभागाने मूळ फाइलींना हात लावण्याचे काहीच कारण नाही. यात सुरक्षेइतकाच त्यांच्या कामाचाही विचार आहे. आरपीजी ३ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत फील्डचे नाव सहा अक्षरांपेक्षा मोठे ठेवता येत नसे, त्यामुळे तुमच्या फाइलींत सहा अक्षरांची कोडी भरलेली असतील. तारीखही बहुधा सात आकडी संख्या म्हणून साठवलेली असेल, ज्यात पहिला आकडा शतकाचा असतो आणि १२४०३३१ म्हणजे ३१ मार्च २०२४ असा अर्थ होतो. व्ह्यूमध्ये फील्डना समजणारी नावे द्या, तारखेचे खऱ्या तारखेत रूपांतर करा, रद्द झालेले रेकॉर्ड दाखवणारी खूण तेथेच गाळून टाका. ‘एसटी’ या फील्डमध्ये ९ म्हणजे रद्द की बंद, हे ठरवण्याची पाळी हिशेबनिसावर येऊ नये. या टप्प्यावर तुमच्या निवृत्त सहकाऱ्यांना काही दिवसांसाठी रीतसर मानधन देऊन बोलवावे, असा माझा आग्रह आहे. फील्डचे वर्णन सिस्टिमच्या कॅटलॉगमध्ये मिळेल. पण एखादे फील्ड मध्येच वेगळ्या कामासाठी वापरायला सुरुवात झाली, अशा गोष्टी कोणत्याही कॅटलॉगमध्ये नसतात आणि नेमक्या त्याच अहवाल चुकवतात.

अधिकार देताना क्रम पाळावा लागतो. अहवाल पाहणाऱ्यांसाठी एक ग्रुप प्रोफाइल करा आणि प्रत्येक व्यक्तीला त्या गटातले, अहवालापुरते असे स्वतःच्या नावाचे प्रोफाइल द्या. तिचे नेहमीच्या कामाचे प्रोफाइल ओडीबीसीला वापरू देऊ नका, कारण त्याला डिस्पॅच किंवा वाऊचर नोंदवण्यासाठी मूळ फाइल बदलण्याचा अधिकार असतोच. अहवालाच्या प्रोफाइलचा सुरुवातीचा मेनू ‘साइनऑफ’ असा ठेवला की त्याने हिरव्या स्क्रीनवर काम करता येणार नाही. पॉवर बीआयच्या गेटवेसाठी (त्याला माहिती पोचवणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरसाठी) वेगळे एकच प्रोफाइल असावे आणि त्याचा पासवर्ड एक्सेलच्या कोणत्याही फाइलमध्ये लिहिलेला नसावा. यंत्र अधिकार तपासताना आधी व्यक्तीचा, मग गटाचा आणि शेवटी ‘पब्लिक’चा अधिकार पाहते, आणि स्पष्ट दिलेला अधिकार सापडला की पुढे जात नाही. याचा फायदा घेऊन मूळ फाइलींवर या गटाला आधी स्पष्टपणे ‘एक्सक्लूड’, म्हणजे मनाई, करा आणि त्यानंतर एसक्यूएलच्या ग्रँट विधानाने व्ह्यूवर वाचनाचा अधिकार द्या. ग्रँट व्ह्यूवर अधिकार देते, तसाच खालच्या फाइलवर माहिती वाचण्यापुरता अधिकारही देते, पण ती फाइल थेट उघडण्याचा अधिकार देत नाही. ग्रँट आधी केले आणि ‘पब्लिक’ला ‘चेंज’ तसेच राहिले, तर यंत्राच्या दृष्टीने गटाला अधिकार आधीच मिळालेला असतो आणि सगळी मेहनत वाया जाते. शेवटी चाचणीच्या प्रोफाइलने व्ह्यू उघडतो आणि मूळ फाइल उघडत नाही, या दोन्ही गोष्टी स्वतः करून पाहा.

मूळ फाइलींवरचा ‘पब्लिक’चा अधिकार काढणे हे याहून मोठे काम आहे. ते टाळू नका, पण घाईने करू नका. तो आज सरसकट काढला तर उद्या सकाळी डिस्पॅचचे प्रोग्राम अडतील, कारण ते चालवणाऱ्या कारकुनाकडे दुसरा अधिकारच नसेल. यावर या यंत्राचा स्वतःचा, फार विचारपूर्वक केलेला उपाय आहे. प्रोग्राम चालू असताना त्याने आपल्या मालकाचा अधिकार वापरावा, अशी तजवीज करता येते, आणि मालक म्हणून पासवर्डच नसलेले, कोणालाही साइन-ऑन न करता येणारे प्रोफाइल ठेवता येते. मग कारकून प्रोग्राममधून दर बदलू शकतो, पण प्रोग्रामच्या बाहेरून त्या फाइलला हात लावू शकत नाही. ७.३ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत ‘ऑथॉरिटी कलेक्शन’ ही सोय आहे. एखाद्या प्रोफाइलला काम करताना कोणत्या ऑब्जेक्टवर किती अधिकार खरोखर लागला, हे ती नोंदवते. तिच्या आधारे एक एक विभाग घेत जा. पुरवठादारांच्या बँक खात्यांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन, कारण तेथे झालेला एक बदल सरळ पैशांच्या नुकसानीत संपतो.

स्क्रीन रेंगाळल्या त्याचे कारण तुमच्या यंत्रावर न बसता मी ठामपणे सांगू शकत नाही, पण पत्रावरून चित्र ओळखीचे वाटते. ओडीबीसीचे जॉब मूळ स्थितीत स्क्रीनवरच्या जॉबइतक्याच, म्हणजे २० च्या प्राधान्याने चालतात (आकडा जितका लहान, तितके प्राधान्य वरचे). बॅचचे, म्हणजे स्क्रीनशिवाय मागे चालणारे, जॉब ५० वर असतात म्हणून ते स्क्रीनच्या आड येत नाहीत. एक्सेलमधून कोणी अनेक वर्षांचा सगळा व्यवहार एकदम मागवला, तर ती मागणी डिस्पॅचच्या कारकुनाच्या बरोबरीने प्रोसेसर आणि मेमरी मागते. सेट सर्व्हर एसबीएस राउटिंग या प्रोसीजरने अहवालाच्या प्रोफाइलचे जॉब वेगळ्या सबसिस्टिममध्ये (जॉब चालण्याच्या स्वतंत्र कप्प्यात) वळवता येतात. तेथे त्यांना वेगळा मेमरी पूल आणि खालचे प्राधान्य द्या, आणि क्वेरीला वेळेची मर्यादा घाला. त्यानंतर ‘इंडेक्स अ‍ॅडव्हायझर’ कोणते इंडेक्स (रेकॉर्ड लवकर शोधून देणाऱ्या सूची) सुचवतो ते पाहा, पण त्याने सुचवलेला प्रत्येक इंडेक्स बनवू नका, कारण प्रत्येक नव्या इंडेक्सची किंमत नोंद करणाऱ्या प्रोग्रामला मोजावी लागते. वारंवार सुचवलेले आणि मोठ्या फाइलींवरचे तेवढेच घ्या. आणि संचालकांना एक प्रश्न मोकळेपणाने विचारा : आकडे खरोखरच या क्षणाचे हवेत की आज सकाळचे चालतील? पॉवर बीआयने रात्री एकदा माहिती ओढून घेतली तर दिवसा यंत्रावर त्याचा भार उरत नाही, आणि बहुतेक निर्णयांना तेवढे ताजेपण पुरते. आत्ताच्या साठ्यासारखे एक-दोन आकडे थेट ठेवावेत, बाकीचे रात्रीचे असावेत.

नेटवर्कच्या सहकाऱ्यांना द्यायचे उत्तर छोटे आहे. ओडीबीसीसाठी साध्या जोडणीत ४४९, ८४७०, ८४७१ आणि ८४७६ हे पोर्ट लागतात. त्यातला ४४९ कोणती सेवा कोणत्या पोर्टवर आहे ते सांगतो, ८४७१ डेटाबेसचा आणि ८४७६ साइन-ऑनचा. तुम्ही मात्र टीएलएसचे (माहिती सांकेतिक करून पाठवणारे) पोर्ट मागावेत, म्हणजे ९४७०, ९४७१ आणि ९४७६, कारण साध्या जोडणीत अहवालातली सगळी माहिती तारेवरून उघडी जाते. हिरव्या स्क्रीनचा २३ हा पोर्टही याच निमित्ताने ९९२ वर न्या, कारण २३ वर पासवर्डसुद्धा उघडा जातो. यासाठी लागणारे प्रमाणपत्र यंत्रावरच्या ‘डिजिटल सर्टिफिकेट मॅनेजर’मधून या सेवांना जोडावे लागते. प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीख दोन माणसांच्या दिनदर्शिकेत असू द्या, नाहीतर एके सकाळी सगळ्या स्क्रीन एकदम बंद पडतात. यातला कोणताही पोर्ट इंटरनेटला उघडा करू नये. घरून काम करणाऱ्यांनी व्हीपीएनमधूनच यावे आणि फायरवॉलमध्ये फक्त गेटवे व परवानगी असलेल्या पीसींचे पत्ते असावेत. त्याच बैठकीत यंत्राच्या नेटसर्व्हरवर (पीसींना फोल्डर उपलब्ध करून देणाऱ्या सेवेवर) कोणते फोल्डर शेअर केले आहेत तेही तपासा. मूळ ‘रूट’ लिहिण्याच्या अधिकारासह शेअर केलेला असेल, तर एका पीसीत शिरलेले रॅन्समवेअर मॅप केलेल्या ड्राइव्हवरून आत पोहोचू शकते. तो शेअर लगेच काढून लागतील तेवढेच फोल्डर वेगळे शेअर करावेत.

राहिली अगम्य अक्षरे. यात फाइल बिघडलेली नाही. हे यंत्र अक्षरे एबसिडिक पद्धतीने साठवते. तिच्यात इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या मोठ्या अक्षराचा आकडा १९३ असतो, तर पीसीवर तो ६५ असतो. प्रत्येक फील्डवर सीसीएसआयडी नावाची खूण असते आणि तिच्यावरून ड्रायव्हर रूपांतर करतो. जुन्या फाइलींतील फील्डवर ही खूण बरेचदा ६५५३५ असते, जिचा अर्थ ‘रूपांतर करू नका’ असा आहे, म्हणून एक्सेलला कच्चे एबसिडिक बाइट मिळतात. ड्रायव्हरमध्ये ६५५३५ चेही रूपांतर करण्याचा पर्याय आहे, पण तो प्रत्येक पीसीवर निवडावा लागतो आणि ज्या फील्डमध्ये खरोखरच अक्षरेतर माहिती आहे ती त्याने बिघडलेली दिसते. त्यापेक्षा अहवालाच्या व्ह्यूमध्येच ते फील्ड कास्ट करून (प्रकार बदलून) त्याला योग्य सीसीएसआयडी द्या. तुमच्या यंत्रावर इंग्रजी माहिती असल्यास तो बहुधा ३७ असेल. कधी पुढे ग्राहकांची नावे मराठीत साठवायची झाली तर ३७ मध्ये देवनागरी बसत नाही. त्यासाठी नवे फील्ड १२०८ किंवा १२०० या युनिकोडच्या खुणेने तयार करावे लागेल, आणि ते लिहिणारा प्रोग्रामही त्याप्रमाणे बदलावा लागेल.